तिला सातारा दाखव

उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले की मला घरात बसवत नाही. दिवाळी सरते, पहाटेचा गारवा पायांना लागायला लागतो, आणि एके दिवशी भाजी आणायला बाहेर पडावं तर समोरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून एक ट्रॅक्टर डुलत येत असतो. मागं सगळी वाहनं खोळंबलेली. रस्त्यावर पाचटाचे तुकडे, मध्येच चिरडलेलं एखादं कांडं, आणि वारं फिरलं की कारखान्याकडून येणारा तो मळीचा जड, गोडसर, किंचित आंबलेला वास. मला उगाचच कुठंतरी निघायला हवं असं वाटत राहतं. गॅसवर दूध ठेवून मी दारापर्यंत जाऊन येते. गाडीची किल्ली खुंटीवर आहे ना, ते बघते. "आज कोणी येणार आहे का?" हे विचारतात. मी नाही म्हणते, आणि पुन्हा दाराकडं जाते.

ही अस्वस्थता माझ्या अंगात एका हंगामानं घातली. तेव्हा हे पुण्याला एका कंपनीत सुरक्षेच्या नोकरीवर होते, फक्त रविवारी यायचे. मी साताऱ्यात एका बालवाडीत शिकवत होते. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, फराळाचे डबे निम्मे रिकामे झाले होते, आणि दुपारी दादाचा फोन आला.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे विट्याचे, पण दादाचं आयुष्य गेलं मदुराईत. विट्याच्या आसपासच्या कित्येक घरांतली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सराफांकडचं जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं हिणकस काढून टाकायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, असं ते काम. त्यासाठी आमची माणसं देशभर पांगलीत. दादा मिसरूड फुटायच्या वयात गेला, आणि केस पांढरे झाल्यावर दुकान मुलाच्या, सागरच्या, हाती देऊन परत आला. विट्यात त्यानं मोठा बंगला बांधला. असे बंगले आमच्या भागात जागोजागी दिसतील. वर्षभर कुलूप, आणि दिवाळीला, यात्रेला तेवढे दिवे.

"उज्जे, शाळेला सुट्टी हाय न्हवं?" दादा म्हणाला.

"हाय की. का रं?"

"सागर आलाय. बायकू घिऊन आलाय."

"कुणाची बायको?" मी खरंच असं विचारलं.

"त्याचीच. तिकडचीच पोरगी हाय. हाफिसात जाऊन सह्या करून लगीन लावलंय आन् आता घिऊन आलाय." मग त्याचा आवाज खाली उतरला. "तुझ्या वहिनीनं हातरूण धरलंय. अन्नाला शिवंना. तू पोरीला तुझ्याकडं ने जरा. सातारा दाखव तिला, वाई दाखव. हिकडचं मी बघतो. आन् वहिनीला फोन करू नगंस, आणिक बिनसंल तिचं."

मी बरं म्हटलं. दादापुढं मी नेहमी बरंच म्हणत आलेय.

कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात. दोन नद्या अशा एकमेकींच्या अंगावर आल्यासारख्या दुसरीकडं मी कुठं पाहिल्या नाहीत. भिडतात आणि मग दोघी एकदम वळून बाजूला निघून जातात. त्या संगमावर सागर तिला घेऊन आला होता. विट्याहून भाड्याची गाडी, आणि तीच गाडी पुढं त्याला मिरजेला रेल्वेला सोडणार होती.

"आत्या, पप्पा म्हणतात आधी दुकान उघड. लग्नसराईचं काम अडलंय," सागर नजर चुकवत म्हणाला. "तोवर आई निवळेल. हिला म्हटलं माझ्याबरोबर परत चल, तर ऐकत नाही."

"घर बघून जाणार," ती म्हणाली. मराठीत. पाठीची सॅक तिनं गर्दीत धरतात तशी पोटाशी धरली होती. उंच, काटकुळी, डोळे नदीकडं.

सागरची गाडी गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "आत्या, मी सेल्वी. मला मराठी येतं. लय न्हाई, पण येतं. सागरच्या दुकानातल्या गड्यांकडनं शिकलो. मी शेजारच्या दुकानात बिलं करायला होतो."

शिकलो, होतो. ज्यांच्याकडून भाषा उचलली ते सगळे आटपाडी-खानापूरकडचे पुरुष, त्यामुळं तिचं सगळं बोलणं पुरुषी. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं. मला हसू आलं, आणि तिलाही ते समजलं, पण तिनं का म्हणून विचारलं नाही.

गाडी चालवायला मी फार उशिरा शिकले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, मान पुढं काढून चालवायचे. महामार्गाला लागलो तर पुढं उसाचा ट्रॅक्टर. मी त्याच्या मागंच बसून राहिले. सेल्वी हळूच म्हणाली, "आता घ्या, आत्या. मोकळा हाय." मी घेतली नाही. पुन्हा म्हणाली, "हॉर्न मारा, आन् घ्या." असं करत करत तिनं मला साताऱ्यापर्यंत आणलं.

यांच्या लष्करातल्या बदल्यांमुळं लग्नानंतरची काही वर्षं मी झाशी, ग्वाल्हेर, जोधपूर अशा गावांत काढली होती. रविवारी युनिटची गाडी फॅमिलीवाल्यांना फिरवायला न्यायची. किल्ला, महाल, छत्र्या, तलाव. आम्ही बायका पोरांना कडेवर घेऊन त्या उन्हात चालत असायचो, आणि क्वार्टरमध्ये परतल्यावर कुणी कुठला राजा विचारला असता तर सांगता आलं नसतं. पण त्या किल्ल्यांवरून खाली दिसणारी घरं मला अजून आठवतात. वाळत घातलेली गोधडी, गच्चीवर अभ्यास करणारी मुलगी. किल्ला बघायला गेलेली मी दर वेळी खालच्या घरांकडंच बघत बसायचे. त्या घरांत माणसं आपापल्या जागी होती आणि मी वर उभी होते.

आणि साताऱ्यात एवढी वर्षं राहून अजिंक्यताऱ्यावर किती वेळा गेले असेन? पाहुणे आले तेव्हाच. आपल्या गावातलं काही बघायला पाहुण्यांचं निमित्त लागतं.

सेल्वीला घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गडावर गेले. दरवाजा, तट, वरून दिसणारं शहर. ती तटाच्या कडेला उभी राहून म्हणाली, "तुमचं घर कुठलं?" मी बोट दाखवलं. पाण्याची टाकी, तिच्या डावीकडं निळं छप्पर, त्याच्या मागं. ती बराच वेळ तिकडं बघत होती. मग म्हणाली, "आन् इटं कुठल्या बाजूला?"

विटा इथून दिसत नाही, असं मी सांगितलं. तरी तिनं दिशा विचारून घेतली, आणि त्या बाजूला तोंड करून उभी राहिली. तिकडं नुसते डोंगर आणि धुरकट हवा होती.

खाली येऊन राजवाडा, मग संध्याकाळी चार भिंती म्हणतात त्या टेकडीवर. माझ्या हातात सतत फोन. दादाचा येईल म्हणून मी तो पर्समध्ये ठेवतच नव्हते. घरी बसलं की फोन आणखीच गप्प वाटायचा, म्हणून चहा झाला की मी म्हणायचे, चल, जरा बाहेर जाऊन येऊ. पेढे घेतले. तळ्याला फेरी मारली. परत चहा. परत चल, बाहेर जाऊ. सेल्वी लगेच चपला घालायची. ती सॅक मात्र तिनं कधी उघडून कपाटात रिकामी केली नाही. लागेल तेवढं काढायची आणि चेन ओढून ठेवायची.

वाईला गेलो त्या दिवशी ऊन कोवळं होतं. ढोल्या गणपतीच्या घाटावर ती पाण्यात पाय सोडून बसली. तिचं घर मदुराईच्या मोठ्या देवळाच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत. "बाहेरनं येणारे लोक वर बघत चालतात," ती म्हणाली, "गोपूर बघत. धडकतात आमाला. आमी खाली बघत चालतो, भाजी घिऊन. कुणी इचारलं गोपुरावर काय काय हाय, तर मला सांगता येत न्हाई."

"मग इथं कशाकडं बघतेस?" मी विचारलं.

"बायकांकडं," ती म्हणाली. समोरच्या पायऱ्यांवर तिघीजणी धुणं आपटत होत्या. "कशा बोलतात, कशा हसतात. सासू कशी बोलंल, ते बघतो."

तिथून आम्ही मेणवलीला गेलो. घाटावरच्या देवळातली ती थोरली घंटा बघितली. एक बाई टोपलीत पेरू घेऊन बसली होती. आम्ही पेरू घेतले, तिनं तिखटमीठ लावून दिलं आणि सहज मला विचारलं, "लेक का सून?"

मी तोंड उघडायच्या आत सेल्वी म्हणाली, "मी टूरिस्ट."

रागानं नाही, रुसून नाही. नाव सांगावं तशी बोलली आणि पेरू खायला लागली. बाई म्हणाली, "बरं बरं, मग पलीकडचा वाडाबी बघून जावा." मी पेरूचा तुकडा हातात घेऊन तशीच उभी. दादानं मला कुणाला काही सांगू नको असं म्हटलं नव्हतं. पण सांग असंही म्हटलं नव्हतं, आणि ही मुलगी ते माझ्याआधी समजून बसली होती.

संध्याकाळी मीच दादाला फोन लावला. वहिनी कशी आहे? तशीच. जेवली का? कुठलं काय. "आणिक जरा फिरव तिला. म्हाबळेश्वर झालं का?"

"दादा, किती दिवस फिरवू? मी काय गाईड आहे?"

"मग असं कर, सांगलीला ने. गणपतीचं देऊळ दाखव. मिरज दाखव. लय बघण्यासारखं हाय गं आपल्याकडं," तो म्हणाला. जन्मभर परगावी काढलेला माझा भाऊ, आणि आता मला दोन जिल्ह्यांतली ठिकाणं सांगत होता. त्याच्या बोलण्यात काहीतरी खोटं वाजत होतं. त्या रात्री झोप लागेपर्यंत मी कुशी बदलत होते.

सांगलीला जाताना कारखान्याच्या फाट्यावर बैलगाड्यांची रांग लागली होती. ऊसतोडीच्या बायका गाड्यांवरच्या मोळ्यांवर बसलेल्या, डोक्याला फडकी, कडेवर पोरं. त्यातली एक सेल्वीकडं बघून हसली, आणि ही खिडकीतून हात बाहेर काढून हलवायला लागली. रांग सरकेपर्यंत दोघी एकमेकींना हात करत होत्या.

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो. छताला टांगलेले वाळके भोपळे, लाखेचा वास, एक कारागीर तानपुऱ्याची तार पिळत बसलेला. तो तार छेडायचा, कान लावायचा, किंचित पिळायचा, परत छेडायचा. सूर जुळत आलाय असं वाटायचं आणि पुन्हा निसटायचा. मला ते ऐकवेना. एरवी मी तिथं तासभर रमले असते. त्या दिवशी मी सेल्वीला कोपराला धरून बाहेर काढलं.

दुपारी सांगलीत गणपतीचं दर्शन घेतलं, भडंगाचा पुडा घेतला आणि कृष्णेच्या घाटावर येऊन बसलो. वर आयर्विन पूल. पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा जवळच्या भिंतींवर अजून दिसत होत्या. आता नदी खाली, शांत, शेळीसारखी गरीब. मी पुलाचं काहीतरी सांगत होते. किती जुना, कुणी बांधला. सेल्वी भडंग खात ऐकत होती.

मग ती म्हणाली, "आत्या, माझे अप्पा ऑटो चालवतात. टूरिस्ट लोकांची."

"हो का? सागर बोलला नाही कधी."

"शाळेला सुट्टी पडली की मी पुढं बसायचो, अप्पांच्या बाजूला. लोक गाडीतनं उतरतात, लॉजवर जातात. कवा कवा खोली तयार नसती. आधीचं गिऱ्हाईक गेलेलं नसतं. तवा लॉजचा माणूस बाहेर येऊन अप्पांना हळूच सांगतो, ह्यांना जरा फिरवून आण. मग अप्पा त्यांना फिरवतात. देऊळ दाखवतात, तळं दाखवतात, राजाचा महाल दाखवतात. त्याच रस्त्यानं दोनदा बी नेतात. लोक खूश असतात. त्यांना वाटतं, किती बघण्यासारखं हाय." तिनं पुड्याचं तोंड दुमडून बंद केलं. "माझी खोली कवा तयार व्हणार, आत्या?"

मी तिला काय सांगणार होते? वहिनी निवळली की? ते कधी, ते मला तरी कुठं ठाऊक होतं? तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती खरंच विचारत होती. गाडीची वेळ विचारावी तशी.

मी उठले, चार पावलं बाजूला गेले आणि दादाला डावलून वहिनीला फोन लावला.

वहिनीनं लगेच उचलला. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "वन्सं? आवं, किती दिसांनी. झाली का तुमची सहल?"

"वहिनी, तुम्ही जेवताय का?"

"म्हंजे? न जेवायला काय झालं?"

मग हळूहळू सगळं उलगडलं. वहिनीनं हातरूण धरलं होतं ते पहिल्या दिवशी. पोरानं आईला न सांगता लग्न केलं, म्हणून. सागरशी ती अजून बोलत नव्हती. "पर पोरीचा काय गुन्हा? दुसऱ्या दिशी उठून मी इचारलं, कुठाय ती. तर हे म्हणाले, तिला हिकडचे किल्ले बघायची हौस, उज्जी हौसेनं घिऊन गेलीय. मी म्हटलं, असंल बाई. सासूपरास डोंगर बघायची घाई दिसतीया. रोज इचारते, कवा येणार, तर म्हंत्यात, फिरूदे गं, पोरगी रमलीया."

मला दादाचा आवाज आठवला. कुठलं काय. अन्नाला शिवंना.

"वहिनी," मी म्हटलं, "ती घर बघायला थांबलीय. गडावर चढूनही विचारत होती, विटा कुठल्या बाजूला."

पलीकडं गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग वहिनी म्हणाली, "आता कुठं हाय तुमी? सांगलीत? मग तासगावच्या गणपतीपाशी थांबा. मी एसटीनं येते."

"कशाला, आम्हीच येतो की घरी."

"नगं. मी न्यायला येते," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडीत बसले आणि किल्ली लावायचं सोडून ती नुसती हातात फिरवत राहिले. दादाचा राग, वहिनीबद्दल इतके दिवस मनात धरलेली अढी, सगळं एकदम वर आलं होतं. सेल्वीनं ते बघितलं. "मला गाडी येते, आत्या," ती म्हणाली. आम्ही जागा बदलल्या. तिनं सीट मागं घेतली, आरसा सरळ केला, आणि सांगलीच्या त्या रिक्षा-सायकलींच्या गर्दीतून गाडी अशी काढली की जन्म इथंच गेला असावा. रस्त्यात मी तिला फोनवरचं सगळं सांगितलं, काही न लपवता. ती रस्त्यावरची नजर न काढता ऐकत होती. सासऱ्यांनी असं का केलं, हे तिनं विचारलं नाही. दुतर्फा द्राक्षांचे मांडव लागले. फवारणीचे ट्रॅक्टर, बांधाला पाण्याच्या टाक्या. बोलणं संपलं तसा गाडीचा वेग वाढला.

तासगावात शिरलो आणि एका वळणावर तिनं करकचून ब्रेक दाबला. मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत गेला.

समोर गोपूर होतं.

ज्यांनी तासगावचा गणपती बघितलाय त्यांना नवल वाटणार नाही. मजल्यावर मजले चढवत गेलेलं, वर निमुळतं होणारं, अस्सल दक्षिणी घाटाचं गोपूर. इथले सरदार कर्नाटकाच्या मोहिमांवर गेले, तिकडची देवळं त्यांच्या मनात भरली आणि परत आल्यावर त्यांनी गावात हे बांधलं, असं सांगतात. मी लहानपणापासून ते बघत आले होते. तासगाव म्हणजे गोपूर, एवढंच. ते आलं कुठून, याचा विचार मी केला नव्हता. सेल्वीला ते दाखवायचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ते दादाच्या ठिकाणांत नव्हतं, माझ्याही नव्हतं.

गाडी कडेला लावून ती खाली उतरली आणि मान वर करून बघत राहिली. इतक्या दिवसांत तिनं कशाकडं असं बघितलं नव्हतं. किल्ल्यावर, घाटावर ती माणसांकडं बघायची. इथं मात्र येणाजाणाऱ्यांचे धक्के खात, वर बघत उभी राहिली, आणि मग रडायला लागली. मी जवळ गेले नाही. लहान मूल आई दिसल्यावर रडतं, तसं ते रडणं होतं. थांबवण्यासारखं नव्हतं.

वहिनी आली ती घरातल्या रोजच्या साडीवर. एसटी स्टँडवरून चालत, पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी. सेल्वीनं डोळे पुसले आणि वाकून पाया पडली. मला वाटलं आता वहिनी काहीतरी बोलेल, सागरबद्दल, लग्नाबद्दल. वहिनीनं तिला उभं केलं, तिच्या तोंडाकडं नीट बघितलं, आणि विचारलं, "साप्टियाम्मा?"

सागर लहान असताना काही वर्षं वहिनी मदुराईत राहिली होती. बाजारापुरतं, शेजारणीपुरतं तमिळ तिला येत होतं. ते तिच्या जिभेवर इतकी वर्षं शिल्लक आहे, हे मला माहीत नव्हतं. जेवलीस का गं, एवढं तर मलाही कळलं. सेल्वीनं मान हलवली. नाही. वहिनीनं पिशवीतून डबा काढला. देवळाच्या ओट्यावर बसून त्या मुलीनं शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि गार झालेलं पिठलं खाल्लं, आणि वहिनी तिच्या तुटक्या तमिळमध्ये आणि ही हिच्या पुरुषी मराठीत बोलत राहिल्या. मी शेजारी असून नसल्यासारखी.

आता सेल्वी आणि सागर मदुराईतच आहेत. दिवाळीला आणि यात्रेला येतात, आणि बंगल्यात त्यांच्या पोरांचा दंगा असतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत हे आणि मी तिकडं जाऊन आलो. सेल्वीच्या अप्पांनी आम्हाला त्यांच्या ऑटोतून गावभर फिरवलं. महालापुढं थांबले, तळ्यापुढं थांबले. मी तोंड भरून कौतुक करत होते आणि आतून मात्र सारखं वाटत होतं, सेल्वीच्या घरी काही झालं तर नसेल? पोचल्यावर बघितलं तर जेवणाची पानं वाढलेली होती. तरी परतेपर्यंत मी काही निवांत झाले नाही. कुणी मला गाव दाखवायला लागलं की अजून माझ्या मनात तेच येतं.

दादाशी मी त्याच दिवशी, तासगावहून विट्याला पोचल्यावर, भांडले. तो पायऱ्यांवर बसला होता. सेल्वी आणि वहिनी आत गेल्यावर मी त्याला म्हटलं, "खोटं का बोललास? वहिनीशीही आणि माझ्याशीही?"

तो बंगल्याच्या वरच्या मजल्याकडं बघत म्हणाला, "पोरगी वाईट न्हाई, उज्जे. फाटकात बघताक्षणी कळलं मला. पर ती एकदा घरात आली की झालं. मग तिकडंच बायकू, तिकडंच सासर, तिकडंच पोरं. सागर आता परत येत न्हाई बघ. मी रोज म्हणायचो, एक दिवस परत जायचं. त्या एका शब्दावर जन्म काढला. हे सगळं त्यासाठीच बांधलं. ती भाईर फिरत हुती तवर मला वाटायचं, अजून काय ठरलं न्हाई."

माझा राग तसाच होता, पण आता तो कुणावर धरायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर दादा अचानक उठला, टोपी घातली आणि सेल्वीला म्हणाला, "चल पोरी, गाव दाखवतो. तूच चालीव गाडी."

माझीच गाडी. सेल्वी चालवायला, दादा तिच्या शेजारी, वहिनी आणि मी मागं. विट्यात दाखवण्यासारखं काय आहे, मला प्रश्न पडला होता. दादा हातानं दिशा दाखवत होता. डावीकडं. आता सरळ. ही आमची तालीम. इथं पूर्वी आड होता. हे सराफाचं दुकान, इथं मी पहिल्यांदा मूस बघितली, सोनं वितळवतात ती. सेल्वी प्रत्येक ठिकाणी गाडी हळू करत होती आणि मान वळवून नीट बघत होती.

एसटी स्टँडपाशी दादा म्हणाला, "हितं थांब."

तिनं गाडी कडेला घेतली. स्टँड आता बदललाय. तेव्हा पत्र्याची शेड होती, असं दादा सांगत होता. काचेतून तो फलाटाकडं बघत होता. "हितनं मी तुज्या गावाला गेलो. पहिल्यांदा. एकटाच हुतो. आईनं भाकऱ्या बांधून दिल्या हुत्या."

"मामा," सेल्वी म्हणाली, "तवा तुमी रडला?"

माझ्या शेजारी वहिनी एकदम ताठ झाली. दादाला असलं कुणी विचारत नाही. मीही आयुष्यात विचारलं नव्हतं.

एक गाडी फलाटावरून मागं आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. दादा ती जाईपर्यंत बघत राहिला.

"सांगली येईस्तोवर," तो म्हणाला.

सेल्वीनं मान हलवली. "मी बी रडलो. रेल्वेत. सेलम येईस्तोवर."

दादानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "घे गाडी पुढं. पुढं माजी शाळा हाय."